अरुंद होत गेलेले पडदे

आमच्या दाजींसमोर कुणीही माणूस आणून उभा करा, ते आधी त्याच्या मागे बघतात. तुम्ही नवा शर्ट घाला, केस कापून या, पुढचे दोन दात पाडून या. दाजींची नजर तुमच्या खांद्यावरून पलीकडे जाणार, भिंतीवर टेकणार, आणि मग ते तोंड वाकडं करून म्हणणार, "ही भिंत तुला शोभत नाही."

ताईची आणि त्यांची पहिली भेट आमच्या घराच्या दारात झाली. आमच्या वडिलांचा फोटो द्यायला ते स्टुडिओतून आले होते. ताईने दार उघडलं. दाजी तिच्याकडे बघतच राहिले. ताईला वाटलं, स्वारी विरघळली. तेवढ्यात स्वारी म्हणाली, "जरा डावीकडे सरकता का? मागे कॅलेंडर येतंय." ताई बिचारी सरकली. त्या गोष्टीला आता उभा जन्म झाला, पण या नवरा-बायकोचं भांडण मिठावरून सुरू होवो की चादरीवरून, शेवटी ते त्या कॅलेंडरपाशी येऊन थांबतं. "मी त्याच दिवशी ओळखायला हवं होतं," ताई म्हणते. "या माणसाला मी नको होते. मागची भिंत मोकळी हवी होती."

दाजी फोटो स्टुडिओत पडदे निवडतात. कपड्यांच्या कंपन्या आपला नवा माल घेऊन येतात, ताडासारख्या उंच मुली तो अंगावर चढवून उभ्या राहतात, आणि त्या मुलींच्या मागे काय असावं ते दाजी ठरवतात. मागे काहीही टांगलं तरी चालतं, असं त्यांच्यासमोर चुकून म्हणू नका. ते तुम्हाला समजावायला बसतील, आणि दाजी समजावायला बसले की भल्याभल्या पाहुण्यांना घरी दूध उतू गेल्याचं आठवतं.

त्यांच्या मते पडद्यांना माणसांसारखे स्वभाव असतात. कागद हा सरळमार्गी. वरच्या गुंडाळीतून सोडला की भिंतीवरून उतरतो, जमिनीवर येताना गोल वळतो आणि पुढे पसरतो. भिंत कुठे संपली आणि जमीन कुठे सुरू झाली ते कळतच नाही. पण त्याच्यावर चपलेचा एक डाग पडला, की त्याचं आयुष्य संपलं. मलमल नखरेल. तिला रंगात बुडवायचं, पिळायचं, गाठी मारून वाळवायचं. एवढं करून तिच्या सुरकुत्या आत्ताच झोपेतून उठल्यासारख्या दिसल्या की सगळं मुसळ केरात. हाताने रंगवलेला कॅनव्हास, मध्ये उजळ आणि कडेला काळोखत गेलेला, हा दाजींचा लाडका. आणि काळी मखमल. तिच्यापुढे माणूस उभा केला की त्याच्या मागे जगच उरत नाही, कारण मखमल उजेड गिळते. दाजी तिला फार जपून बाहेर काढायचे. "तिला भूक असते," म्हणायचे.

मग कपडा आणि पडदा यांची लग्नं जुळवायची. रेशमी झग्यामागे खरखरीत कॅनव्हास, लोकरीच्या कोटामागे गुळगुळीत कागद. दोघंही भाव खाणारे असले की संसार होत नाही. हिरवं कापड फार जवळ टांगलं तर मुलीच्या हनुवटीखाली हिरवं उमटतं आणि ती उलटी होण्याच्या बेतात असल्यासारखी दिसते. बाजारात कापड घ्यायला गेले, की दाजी ते आधी मुठीत चुरगळतात, मूठ उघडतात आणि सुरकुत्या किती वेळात निघतात ते बघत बसतात. मग तेच कापड ताईच्या खांद्यावर टाकतात आणि चार पावलं मागे जाऊन डोळे किलकिले करतात. ताई म्हणते, "मला बाजारात नेतात ते खांब म्हणून."

पण सगळ्यात मोठा नियम रुंदीचा. "माणसाला हात असतात," हे दाजींचं ब्रह्मवाक्य. मुलीने हात पसरले, कोट भिरभिरवला, उडी मारली, तरी दोन्ही बाजूंना पडदा उरला पाहिजे. फोटोत भिंतीची नखभर कड जरी आली तरी दाजी "भिंत दिसली" असं अशा आवाजात म्हणायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं घरात साप निघाला.

आणि गेल्या वर्षी याच माणसाचे पडदे अरुंद व्हायला लागले.

कापडवाल्याने सवयीने मोठ्या पन्ह्याचं ठाण काढलं, तर दाजी म्हणाले, "लहान दे. उगाच कापड वाया." कापडवाला त्यांच्याकडे बघतच राहिला. ताई तर हरखली. "या वयात का होईना, अक्कल आली," असं तिने मला फोन करून सांगितलं, आणि आम्ही दोघं भरपूर हसलो. मग दाजी दारांशी भांडायला लागले. चौकट खांद्याला लागली की तिला म्हणायचे, "काल इथे नव्हतीस." कोपराशी ठेवलेला चहाचा कप रोज एक तरी आडवा व्हायचा. शेजारी बाजूने हात हलवायचा आणि हे नाकासमोर बघत निघून जायचे, शेजारी म्हणाला, "दाजींचा भाव वधारलाय." कापड पारखायला पूर्वी चार पावलं मागे जायचे, ते आता दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत जायला लागले. एकदा तर पायरी उतरून थेट रस्त्यावर गेले आणि तिथून डोळे किलकिले करून ताईकडे बघत उभे राहिले. त्यांच्या पाठीमागून एक टेम्पो करकचून ब्रेक दाबत थांबला. दाजींनी मागे वळूनही पाहिलं नाही. "आता बसलं नीट," ते म्हणाले. "आता सगळं येतंय."

यावरही आम्ही हसलो. हसून झाल्यावर ताईला मात्र सासू आठवली.

दाजींची आई शेवटी आंधळी झाली होती. तेव्हा घरात सगळे "वय झालं" म्हणायचे आणि विषय मिटवायचे. म्हातारी भिंतीला तळवा लावून चालायची. स्वयंपाकघरापासून बाहेरच्या खोलीपर्यंत तिच्या हाताच्या उंचीला भिंतीवर एक करडा पट्टा उमटला होता, सायकल घासत नेल्यासारखा. ती गेल्यावर दाजींनी भिंत स्वतः रंगवली. मी बादली धरायला होतो. एक हात मारला, दुसरा मारला, पट्टा आपला खालून वर येतोच आहे. शेवटी त्यांनी बाहेरच्या खोलीतल्या पट्ट्यासमोर कपाट ओढलं आणि ब्रश फेकून दिला. ज्या माणसाने जन्मभर भिंती झाकल्या, त्याला ती एक भिंत काही रंगवून झाकता आली नाही.

तर ताईचा पुन्हा फोन आला. "जरा स्टुडिओत जाऊन ये. डबा विसरलेत म्हणून दे."

"दाजी आणि डबा विसरले?"

"विसरले नाहीत. मीच पिशवीतून काढून ठेवलाय. तू जा आणि नुसता बघ."

"काय बघू?"

"मला माहीत असतं तर तुला कशाला पाठवलं असतं?" ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

स्टुडिओ म्हणजे पूर्वीचा बर्फाचा कारखाना. भिंती हातभर जाड, खिडकी एकही नाही, आणि कारखाना बंद होऊन जमाना झाला तरी फरशीतला गारठा अजून गेलेला नाही. मे महिन्यातही तिथे पायाला कुणीतरी खालून धरल्यासारखं वाटतं. दारातून आत गेल्यावर एक लांब पांढरा बोळ लागतो. बोळाच्या एका टोकाला पडद्यांची खोली, दुसऱ्या टोकाला फोटो काढायचं दालन. दाजी दिवसभर या बोळातून ये-जा करतात.

मी डबा हलवत, शीळ घालत त्या बोळातून निघालो, आणि अर्ध्यात माझी शीळ थांबली. पांढऱ्या भिंतीवर, कमरेच्या थोडं वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक करडा पट्टा होता. मी त्याच्यावरून बोट फिरवलं. बोटाला काळं लागलं. पट्टा ताजा होता.

दालनात लोकरीच्या कोटांचं काम चाललं होतं. मध्ये उजेडाचं एक तळं, बाकी सगळीकडे काळोख, आणि त्या काळोखातून मधूनच कुणाचा तरी हात किंवा कंगवा बाहेर येत होता. फोटोग्राफर ही जुन्या मालकांची मुलगी. लहानपणी ती दाजींच्या कागदांच्या गुंडाळ्यांवर घोडा घोडा खेळायची, म्हणून दाजी तिला अजून "पोरी" म्हणतात आणि ती त्यांना "काका". समोर मॉडेल उभी होती. तिची उंची बघून दाजींनी तिचं नाव "शिडी" ठेवलं होतं, आणि तिने दाजींचं "पडदेकाका". शिडीच्या अंगावर टाचेपर्यंत लांब लाल कोट होता, आणि मागे दाजींचा लाडका कॅनव्हास.

"आलास?" दाजी म्हणाले. मी अगदी समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा म्हणाले. "बस तिकडे. टक्कल झाक, उजेड परततोय."

"काका," फोटोग्राफर म्हणाली, "हिला हात पसरायचेत. पडदा पुरेल?"

दाजींनी शिडीकडे पाहिलं. "पुरेल की. चिक्कार आहे."

शिडीने हात पसरले. कोपरापर्यंतच्या हातामागे कॅनव्हास होता. तिथून पुढे भिंत होती. उघडी, ओल आलेली, खिळ्यांची भिंत. मी दाजींकडे पाहिलं. त्यांना साप निघाल्याचा पत्ता नव्हता. मी फोटोग्राफरकडे पाहिलं. तिने माझी नजर टाळली आणि कॅमेऱ्यात डोळा घातला.

"पुरतोय, काका," ती म्हणाली. "मस्त."

मग पडदा बदलायचा होता. दाजींनी कागदाची गुंडाळी घातलेला लोखंडी पाइप खांद्यावर घेतला. या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, पाइप खांद्यावर आणि शरीर लग्नाच्या वरातीत नाचल्यासारखं हलकं. त्यांनी पाइप उचलला आणि गर्रकन वळले. पाइपचं मागचं टोक काळोखातून झपकन आलं. त्यांच्या उजव्या हाताला, दोन पावलांवर, शिडी उभी होती. नेमकी त्याच क्षणी ती बुटाची नाडी बांधायला वाकली. पाइप तिच्या केसांवरून गेला. नुसता वारा लागून तिचे केस हलले, ते मी पाहिलं. मग पाइप दिव्यावर आदळला, काचेचा चुरा झाला आणि दालनाची ती बाजू काळीठिक्कर पडली.

मग शिडी हसत सुटली. "पडदेकाका, मला उडवता काय! माझं अजून लग्न व्हायचंय!"

दाजी समोर बघत संतापाने म्हणाले, "दिवा कुणी आणून ठेवला इथे?"

दिवा जुन्या मालकांच्या वेळेपासून तिथेच होता. त्याच्या पायांच्या जागी फरशीवर पांढऱ्या रंगाच्या खुणा होत्या, आणि त्या दाजींनीच केलेल्या होत्या. पण मला हादरवलं ते दिव्याने नाही. ते दिव्याबद्दल बोलले आणि मुलीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, याने. मुलगी तिथे होती हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

काच झाडेपर्यंत चहा आला. दाजी आणि मी बाकावर शेजारी शेजारी बसलो. दाजी समोर बघत मला कागद आणि मखमल यांतला फरक समजावत होते, जन्मात शंभराव्यांदा. मला एक मूर्खपणा सुचला. मी तसाच बसून त्यांच्या गालाच्या बाजूला जीभ बाहेर काढली. दाजी बोलत राहिले. मी डोळे तिरळे केले, कान धरून ओढले, नाक वर केलं. एरवी ही माकडचेष्टा केली असती तर त्यांनी टपली मारली असती. दाजी म्हणाले, "मखमलीची लव नेहमी वरच्या दिशेला ठेवायची, म्हणजे काळं जास्त काळं दिसतं." मी हात त्यांच्या कानाजवळ नेऊन पाचही बोटं नाचवली. हळूहळू पुढे आणली. गाल ओलांडला. बोटं जवळजवळ नाकासमोर आली तेव्हा दाजी दचकले आणि चहा सांडला.

"अरे! कुठून आला हा हात?"

मी आयुष्यभर लोकांना हसवायला वेडेवाकडे चाळे केले आहेत. असा घाम मला कधी फुटला नव्हता.

मी फोटोग्राफरला बोळात गाठलं. "हा काय प्रकार आहे? पडदा अर्धा, आणि तू मस्त म्हणतेस?"

"हळू बोला ना, मामा." दाजींच्या नात्याने मी तिचा मामा लागतो. "काकांना कळायला नको. मी भरून घेते नंतर."

"काय भरून घेतेस?"

"कडा. फोटो संगणकावर घेतला की त्यांचाच पडदा ओढून दोन्हीकडे वाढवते. भिंत झाकून टाकते. कुणाला ओळखू येत नाही."

"किती फोटोंना केलंस हे?"

"सगळ्याच." तिने बोळाच्या टोकाकडे पाहिलं. "वर्ष होत आलं असेल. मला वाटलं, थकलेत, रुंद गुंडाळी उचलवत नसेल. ज्या माणसाने भिंत दिसू नये म्हणून जन्म घालवला, त्याला कसं सांगणार की काका, भिंत दिसतेय? बाबा असते तर त्यांनीही नसतं सांगितलं."

"पोरी, त्यांना बाजूचं दिसत नाहीये."

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. मग तिची नजर भिंतीवरच्या करड्या पट्ट्यावर गेली आणि तिथेच राहिली. "मी नुसती भिंत झाकत होते," ती म्हणाली. "मला वाटलं, भिंतच आहे."

वर्षभर दाजींचा प्रत्येक पडदा ओरडून सांगत होता की या माणसाची नजर आवळत चालली आहे. आणि वर्षभर एक गुणी मुलगी मायेने, रोज, सफाईने त्या पडद्याचं तोंड बंद करत होती.

डॉक्टरकडे चला म्हणून मी त्यांना सांगितलं. काही उपयोग झाला नाही. "मला चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येतो," म्हणाले. खरंच ओवून दाखवला. समोरचं बारीक ते लख्ख दिसत होतं, तीच तर मेख होती. "तुझ्या ताईने पाठवलं ना तुला? डबा चोरून? मला सगळं कळतं."

शेवटी फोटोग्राफरने त्यांना संगणकासमोर बसवलं आणि न भरलेले, मूळ फोटो लावले.

"छान आहेत की," दाजी म्हणाले.

"काका, कडेला बघा."

"बघतोय."

तिने त्यांचं बोट धरलं आणि संगणकाच्या पडद्याच्या मधून हळूहळू बाजूला नेलं. दाजी बोटामागे मान वळवत गेले. शिडीचा खांदा गेला, कोपर गेलं, कॅनव्हासची शिवण आली. मग भिंत आली. ओलीचा डाग, खिळे, खिळ्याला लटकलेलं फडकं, खाली पाण्याची बादली, बादलीशेजारी दाजींच्या स्वतःच्याच चपला. दाजींचं बोट चपलांवर थांबलं.

"हे मी टांगलं?"

तिने पुढचा फोटो लावला. त्यातही भिंत. त्याच्या पुढचा. दाजी मान फिरवून फिरवून प्रत्येकाच्या कडा चाचपत होते, अंधारात किल्ली शोधावी तसे. मग त्यांनी मान फिरवायची थांबवली.

"हे सगळे असेच गेले? लोकांनी पाहिले?"

"नाही, काका. मी भरून पाठवले."

दाजी हसले. मला ते हसणं अजिबात आवडलं नाही. "आमच्या आईचंही आम्ही असंच भरून घेत होतो," ते म्हणाले. "चल रे. कुठे आहे तुझा तो डॉक्टर?"

डोळ्यांच्या दवाखान्यात एक यंत्र असतं. मोठ्या पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं, समोरच्या ठिपक्यावर नजर रोखायची, आणि वाडग्यात कुठेही बारीक दिवा लागलेला दिसला की हातातलं बटण दाबायचं. दाजींनी आत डोकं घातलं आणि खूश झाले.

"काय पडदा आहे!" आतून त्यांचा घुमणारा आवाज आला. "कुठे कोपरा नाही, कड नाही, सुरकुती नाही. हे कुठल्या कापडाचं आहे हो, बाई?"

यंत्र चालवणारी मुलगी हसली. "प्लास्टिकचं आहे, आजोबा. आता बोलायचं नाही. दिवा दिसला की दाबा."

खोलीतला उजेड गेला. यंत्र टिकटिक करायला लागलं. दाजींनी बटण दाबलं, टक. पुन्हा टक. मी मागे स्टुलावर बसलो होतो. मुलीच्या समोरच्या लहान पडद्यावर कुठे दिवा लागतोय ते मला दिसत होतं. वर लागला. डाव्या कडेला लागला. उजवीकडे खाली लागला. पुन्हा डावीकडे. यंत्र आपलं शहाण्यासारखं एकेक दिवा लावत होतं, विझवत होतं, आणि दाजींचा अंगठा बटणावर स्वस्थ होता. मी मनात म्हणत होतो, दाबा हो, दाबा. नुसता अंदाजाने तरी दाबा. मुलीचं हसू केव्हाच मावळलं होतं.

बऱ्याच वेळाने वाडग्यातून आवाज आला. "संपले का दिवे?"

"नाही, आजोबा," मुलगी म्हणाली. "चालू आहेत."

दाजींची पाठ ताठ झाली. त्या कोऱ्या पांढऱ्यात ते शेवटपर्यंत टक लावून बसले, दाराशी कुणाची तरी चाहूल घेत बसल्यासारखे.

डॉक्टर सज्जन होता, म्हणून त्याने गोड बोलून वेळ घालवला नाही. डोळ्यातला दाब वाढतो, नस कडेकडून मरत येते, दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते थेंब घालून राखायचा प्रयत्न करायचा, थेंब एकदाही चुकवायचे नाहीत. "राहील का?" मी विचारलं. "प्रयत्न करू," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, घरात आणखी कुणाला होतं का.

"आईला," दाजी म्हणाले. "आम्ही वय झालं म्हणायचो."

यंत्रातून निघालेला कागद त्यांनी हातात घेतला. मध्ये लहानसा उजळ गोल, त्याच्याभोवती करडं, आणि बाकी सगळं कडेपर्यंत काळं. दाजींनी तो हात लांब करून धरला, डोळे किलकिले केले.

"कॅनव्हास आहे हा," ते म्हणाले. "मध्ये उजळ, कडेला काळोख. जन्मभर रंगाऱ्यांकडे असाच मागत आलो. कुणाला इतका चांगला जमला नाही."

स्टुडिओतलं काम गेलं नाही. फोटोग्राफरने त्यांना पाइप उचलायची बंदी केली आणि दाजींनी ती निमूट पाळली. एवढ्या एका गोष्टीने आम्ही सगळे जास्तच घाबरलो. ते कापड मुठीत चुरगळून सांगतात, हे घे, ते नको. "रुंदीचं मला विचारू नकोस, पोरी," म्हणतात. "आधीचा मी काय म्हणायचो ते कर." एकदा शिडी काळ्या मखमलीपुढे उभी होती, तेव्हा ते तिच्यासमोर खूप वेळ थांबले आणि हळूच म्हणाले, "आणखी पुढे ये गं. तिच्या फार जवळ उभी राहू नकोस."

घरी थेंब ताई घालते. थेंब घालताना दोघं यथेच्छ भांडतात. "डोळा उघडा ठेवा, तोंड नको," ताई म्हणते. थेंब मुरले, की दाजी तिला समोर उभं करतात. आज किती दिसतेस बघू, म्हणतात. डोक्यापासून पावलांपर्यंत ती एका नजरेत मावली पाहिजे, अशी त्यांची मोजणी. त्यासाठी तिला मागे मागे सरकावं लागतं. सुरुवातीला ती जेवणाच्या टेबलापाशी उभी राहिली तरी मावायची. मग टेबलाच्या पलीकडे. मग खिडकीच्या रेषेत. डॉक्टर म्हणतो, थेंब काम करत आहेत, धीर धरा. ताई मला डॉक्टर काय म्हणतो ते सांगते. आपण कुठे उभी राहते ते सांगत नाही. ते मी जाऊन बघतो.

काल गेलो होतो. थेंब झाले. दाजी खुर्चीत बसले. ताई खिडकी ओलांडून मागे गेली आणि कपाटाला टेकली.

"जरा मागे हो," दाजी म्हणाले.

"मागे कपाट आहे."

"मग ते सरकवा. शालक आहेत ना इथे, फुकट चहा पितात."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. त्या कपाटामागे काय आहे ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. दाजींनाही असणार, पण ते वाट बघत होते. मी कप खाली ठेवला आणि कपाट ओढून बाजूला केलं. इतक्या वर्षांत रंगाचे सगळे हात पिऊन पट्टा पुन्हा वर आला होता. म्हातारीच्या हाताच्या उंचीला, सरळ, करडा.

ताई मागे सरकली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. दाजींनी डोळे किलकिले केले.

"आता आलीस पूर्ण," ते म्हणाले. मग सवयीने त्यांनी विचारलं, "मागे काय येतंय?"

ताईने हात मागे नेला आणि तळवा भिंतीवर, पट्ट्यावर, घट्ट दाबून धरला.

"काही नाही," ती म्हणाली. "मोकळी भिंत आहे."